शेजारच्या बोअरला अडीच इंच पाणी, आपला कोरडा: खोल जायचं की थांबायचं?

प्रश्न थोडक्यात असा. नागपूर जिल्ह्यातल्या हिंगणा तालुक्यातल्या एका कास्तकारानं एक एकर संत्र्यासाठी बोअर मारला. धुऱ्यापलीकडे, जेमतेम दीडशे फुटांवर, शेजाऱ्याला १४० फुटांवर पाणी लागलेलं आहे, तेही अडीच इंच (हे धारेचं माप, त्याचा अर्थ पुढे येतो). यांचा बोअर ३२० फूट गेला आणि शेवटपर्यंत धुराळाच उडाला. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे साधारण १४ तासांनी, दगड बांधून दोरी सोडली तेव्हा ती २१० फुटांपासून खाली ओली निघाली. बोअरच्या यंत्राचा गाडीवाला म्हणतो, "पाचशे फुटांपर्यंत चला, खाली झरा आहे." अंबिया बहाराचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याचं, पाणी तोंडावर आलंय. खोल जायचं का?

एवढ्या माहितीवर माझं उत्तर "नका जाऊ" असं आहे. पण ते तीन गोष्टींवर टेकलेलं आहे: शेवटच्या पन्नास फुटांत चुरी (बोअरमधून बाहेर पडणारा खडकाचा चुरा) कोणत्या रंगाची आली, केसिंग (बोअरच्या वरच्या भागातला पाइप) किती फूट घातलं, आणि १३० ते १५० फुटांच्या दरम्यान काय निघालं. या तिन्ही प्रश्नात नाहीत. केसिंगचा आकडा बिलावर असतो. चुरी बोअरशेजारच्या ढिगात अजून पडलेली असेल. ढीग कोणी पसरवला नसेल तर सर्वांत खालचा खडक ढिगाच्या सर्वांत वर सापडतो.

आता "खालचा झरा" म्हणजे काय ते पाहू. चुनखडीच्या मुलखात पाणी खडक विरघळवत जातं, पोकळ्या पडतात, आणि तिथे जमिनीखाली खरोखर वाहतं पाणी असू शकतं. आपला काळा पाषाण तसा विरघळत नाही. तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, एकावर एक थर साचत गेलेला. एकेक थर साधारण १० ते ४० मीटर जाडीचा. थराचा मधला भाग सावकाश थिजला, म्हणून तो घट्ट आणि काळा; त्यात पाणी राहील अशी जागा फक्त भेगांमध्ये. थराच्या माथ्यावर वायूचे बुडबुडे अडकले, तिथे जाळी पडली. पण अनारशाची जाळी वरून दिसते तशी आरपार असतेच असं नाही, आणि इथे तर बहुतेक भोकं पांढऱ्या-हिरवट खनिजांनी बुजलेली असतात. विहीर खोदणारे या ठिपकेदार खडकाला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कधी कधी गेरूसारखा लाल पट्टा लागतो. तो चिकण असतो, ओला झाला की फुगतो, बोअर बुजवतो, आणि वरचं पाणी सहसा खाली जाऊ देत नाही.

या सगळ्याच्या वर हवा-पाण्यानं झिजलेला मुरूम, काही ठिकाणी पाच मीटर तर काही ठिकाणी पंधरा. तुमचा खरा साठा इथे आहे. खालच्या भेगा पाणी भराभर आणून देतात, पण स्वतः फारसं धरत नाहीत. मुरूम पाणी धरतो, पण सोडतो सावकाश. चांगला बोअर म्हणजे ज्याची भेग वर कुठे तरी ओल्या मुरमाला, नाल्याच्या काठाला किंवा जाळी उघडी असलेल्या मांजऱ्याला जाऊन भिडते. शेजाऱ्याला ती भिडणारी भेग सापडली. तुम्हाला नाही. एवढाच फरक असण्याची शक्यता मोठी आहे.

म्हणूनच १३० ते १५० फुटांची चुरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नागपूरकडचे लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत. शेजाऱ्याला १४० फुटांवर दोन थरांचा जो सांधा लागला, तो तुमच्या बोअरमधूनही गेलाच असणार. दोन्ही जागांच्या उंचीत फरक असेल तेवढे फूट वर-खाली. तुम्ही त्याच्या १८० फूट खाली पोचला आहात. म्हणजे शेजाऱ्याचं पाणी तुमच्या खाली नाही, ते तुमच्या मागे, वर राहिलं. त्या खोलीची चुरी पांढरे ठिपके असलेली किंवा लालसर असेल तर थर तोच आहे, फक्त तुमच्याकडे जाळी बुजलेली किंवा भेग बंद आहे. आणखी १८० फूट खोल जाऊन ती उघडणार नाही.

खोल जाण्याला अर्थ असतो तो एकाच परिस्थितीत. शेवटच्या वीस-तीस फुटांत काळ्या बारीक भुकटीचा रंग बदलून लालसर किंवा ठिपकेदार चुरी येऊ लागली असेल, तर तुम्ही खालच्या थराच्या माथ्यावर आला आहात. मग अजून ३० ते ४० फूट जाऊन तो माथा पार करून पाहणं समजू शकतो. तळाशी सलग शंभर फूट काळी भुकटी असेल तर तुम्ही थराच्या पोटात आहात. तिथे पैसे फुटागणिक जातात, आणि बहुतेक गाड्यांचा दर खोलीबरोबर टप्प्याटप्प्यानं चढतो. खालच्या एखाद्या थरात पाणी लागलंच, तरी ते भरून येण्याची वाट लांबची असते. दोन-तीन वर्षं चांगला चाललेला खोल बोअर अचानक आटतो तो त्यामुळेच. संत्रा पट्ट्यात काटोल-नरखेडकडे एकामागून एक खोल जाणाऱ्या बोअरांची स्पर्धा बघितली की हे कळतं: पाणी वाढत नाही, फक्त पंप खाली जातो. शिवाय महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर ही "खोल विहीर" धरली आहे आणि शेतीसाठी तशी नवी घेण्यावर बंदी आहे. ६० मीटर म्हणजे जवळपास २०० फूट. गाडीवाला हे सांगत नाही.

साठ्याचा हिशेब एकदा आकड्यांत मांडू, कारण त्यावाचून "पाणी आहे" आणि "पाणी पुरेल" यातला फरक दिसत नाही. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. मुरमाचा ६ मीटर भाग ओला आहे असं धरा. मुरूम आणि जाळीदार पाषाण यांतून निथळून मिळणारं पाणी आकारमानाच्या १ ते ३ टक्के. आपण २ धरू. ४,०४७ गुणिले ६ गुणिले ०.०२, म्हणजे साधारण ४८५ घनमीटर, पावणेपाच लाख लिटरांहून थोडं जास्त. सहा बाय सहा मीटरवर एकरी ११० झाडं बसतात. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात ठिबकनं दिवसाला १०० लिटर धरले (वय, माती, ऊन यांप्रमाणे कमी-जास्त), तर ११,००० लिटर रोज. तुमच्या एकराखालचा सगळा साठा ४४ दिवस पुरला. फेब्रुवारी ते मे हे दिवस त्याच्या दुपटीहून जास्त आहेत, अर्थात फेब्रुवारीत गरज कमी असते. म्हणजे बाग जगते ती आजूबाजूच्या वावरांखालून सरकत येणाऱ्या पाण्यावर.

आता भरणा. नागपूरला वर्षाला साधारण १,१०० मिलिमीटर पाऊस. पाषाणाच्या प्रदेशात त्यातलं ७ ते १३ टक्के खाली मुरतं. १० धरलं तर ११० मिलिमीटर. त्याला त्या २ टक्क्यांनी भागा: पाण्याची पातळी साडेपाच मीटर वर यायला हवी. पावसाळ्यात आपल्याकडच्या विहिरी चार-सहा मीटर चढतात आणि लोकांना वाटतं, अमाप पाणी आलं. प्रत्यक्षात जमिनीत चार बोटं पाणी गेलेलं असतं. खडकात जागाच कमी, म्हणून ते एवढं उंच दिसतं. तितक्याच झपाट्यानं ते उतरतंही.

तुमच्या बोअरची दोरी काय सांगते? साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला साडेसहा लिटर पाणी मावतं (इंच आणि लिटर सारखे येणं हा योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा). ३२० वजा २१० म्हणजे ११० फूट, म्हणजे ७१५ लिटर. चौदा तासांत ७१५, ताशी सुमारे ५० लिटर. दिवसाला फार तर १,२०० लिटर, बारा झाडांपुरतं. बोअर पूर्ण कोरडा नाही, ही चांगली खूण. पण या पाण्यावर अंबिया बहार धरू नका. या वर्षी बाकी सोय नसेल तर मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडच्या फुलोऱ्याचा, विचार करा. त्याचा ताण, म्हणजे फुलोऱ्याआधी पाणी तोडण्याचा काळ, नेमका एप्रिल-मे मध्ये येतो. फळ पुढे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत झाडावर राहतं आणि हिवाळ्यात पाणी मागतं, हे मात्र धरून चाला.

केसिंगकडे आता नीट बघा, कारण इथे चूक झाली असेल तर ती दुरुस्त होण्यासारखी असते. बरेचदा मुरूम ढासळू नये म्हणून गाडीवाला ४०-६० फूट सलग पाइप घालून पक्क्या खडकात बसवतो. बोअरसाठी ते सुरक्षित, पण ओला मुरूम नेमका त्याच पाइपाच्या मागे बंद होतो. साठा पाइपाबाहेर, बोअर आत कोरडा. बाजूच्या विहिरीला ३० फुटांवर पाणी असेल आणि तुमचं केसिंग ५० फूट असेल, तर हा संशय पक्का धरा. नवा बोअर घेताना वरचे १५ ते २० फूट पाइप सलग ठेवावा, बाहेरून माती-सिमेंटनं बंद करावा, म्हणजे वरचं घाण पाणी उतरत नाही. त्याखाली ओल्या मुरमासमोर जाळीचा पाइप. मुरूम फार बारीक असेल तर जाळीतून गाळ येतो, तेव्हा बाहेर बारीक गोटे भरावे लागतात आणि त्यासाठी बोअर थोडा मोठा मारावा लागतो. बसलेलं केसिंग काढून बदलणं कधी जमतं, कधी बोअरच जातो.

जोखीम घेण्याआधी एक चाचणी फुकटात करता येते, टँकरचे पैसे सोडले तर. पातळी २१० फुटांवर असताना बोअरमध्ये १,००० लिटर स्वच्छ पाणी ओता. ते साधारण १५४ फूट चढेल, म्हणजे पातळी ५५-५६ फुटांवर यावी. लगेच दोरी सोडा, मग पहिला तास दर १० मिनिटांनी, नंतर दर तासाला. पाणी वर चढलंच नाही किंवा भराभर उतरलं, तर बोअरला वर कुठे तरी वाट आहे. उतरता उतरता ज्या खोलीपाशी वेग एकदम मंदावतो, ती वाट त्याच खोलीच्या आसपास आहे. दुसऱ्या सकाळी पातळी जवळपास तिथेच असेल, तर बोअर बाटलीसारखा बंद आहे. अशा बोअरमध्ये छताचं पाणी सोडून पुनर्भरण करण्याचा सल्ला मिळेल. जो बोअर पाणी घेत नाही त्यात ते नुसतं भरून राहील. पाणी ओतताना गढूळ पाणी अजिबात नको, बारीक भेगा एकदा गाळानं बसल्या की परत उघडत नाहीत.

चाचणीत थोडी तरी वाट दिसली, आणि १४० च्या आसपास मांजऱ्या निघालेला असेल, तर तुमच्यासाठी हायड्रोफ्रॅक्चरिंग हा खोल जाण्यापेक्षा शहाणा खर्च आहे. बोअरमध्ये रबरी डट्टा उतरवून पक्क्या खडकात, तुमच्याकडे समजा १०० फुटांवर, फुगवतात आणि त्याखाली दाबानं पाणी सोडतात. दाबाचा काटा चढत जातो आणि भेगेतली माती-खनिजं सुटली की एकदम पडतो. तो पडला तर काही तरी उघडलं. न पडता तसाच चढून राहिला तर थांबायचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा गावांच्या हातपंपांसाठी हेच करते. यानं नवं पाणी तयार होत नाही. तुमचा बोअर शेजाऱ्याच्याच साठ्याला जोडला जाईल, आणि दोघांचे पंप एकदम चालले की दोघांची पातळी उतरेल. हे त्याच्याशी आधीच बोलून घेतलेलं बरं, वेळा वाटून घेता येतात.

शेजाऱ्याच्या "अडीच इंचां"विषयीही. हे इंच व्ही-नॉचवर, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेल्या पत्र्यावर, मोजलेले असतील तर ते खाचेतल्या पाण्याची उंची आहेत, पाइपाचा व्यास नाही. ९० अंशाच्या खाचेत १ इंच म्हणजे ताशी सुमारे ५०० लिटर, २ इंच म्हणजे २,९००, अडीच म्हणजे ५,०००, ३ म्हणजे ८,०००. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होतं, त्यामुळे अर्ध्या इंचाची थापही मोठी असते. मोजायचा खरा मार्ग २०० लिटरचा ड्रम: तो २ मिनिटं २४ सेकंदांत भरला तर ५,००० लिटर. तोही फ्लशिंगच्या (हवेच्या दाबानं बोअर साफ करण्याच्या) दिवशी नाही, सलग सहा-आठ तास पंप चालवल्यावर, आणि शक्य तर एप्रिलच्या शेवटी. फ्लशिंगच्या वेळी जे उडतं त्यात भेगेत साचलेलं जुनं पाणी बरंच असतं.

एक एकराच्या बागेसाठी पाषाणात मला अजूनही विहीरच पटते, जागा आणि खर्च झेपत असेल तर. आठ मीटर व्यासाच्या विहिरीत मीटरभर उंचीला ५०,००० लिटर मावतं. तुमच्या पूर्ण ३२० फुटी बोअरमध्ये काठोकाठ भरूनही २,१०० लिटर. मुरूम रात्रभर ठिपकत राहतो. विहीर ते साठवते, बोअर नाही साठवू शकत. १०-१२ मीटर खोदून पक्क्या पाषाणावर थांबायचं, मुरूम आणि पाषाणाच्या सांध्यावर नाल्याच्या दिशेनं दोन-तीन आडवे बोअर घ्यायचे. ते सांध्यातच हवेत. काळ्या पाषाणात मारलेला आडवा बोअर उभ्या बोअरइतकाच कोरडा निघतो.

जागा शोधायला यंत्राचा सर्व्हे करणार असाल तर विद्युत रोधाचे (खडक विजेला किती अडवतो त्याचे) आकडे मागून घ्या, नुसती खूण नको. पक्का पाषाण १०० ओहम-मीटरच्या वर दाखवतो, ओला मुरूम साधारण १५ ते ४०. पण चिकण माती आणि लाल पट्टा याहूनही कमी दाखवतात, म्हणून "आकडा कमी, पाणी जास्त" असं सांगणाऱ्यापासून सावध राहा. नारळ-काडीवाल्या पाणाड्याबद्दल: मुरूम ओला असलेल्या वावरात कुठेही खोदलं तरी थोडं पाणी लागतंच, त्याचं श्रेय तो घेतो.

हे सगळं पश्चिमेकडच्या पाषाणाचं झालं. नागपूर हे या पाषाणाचं पूर्व टोक आहे; सीताबर्डीची टेकडी लाव्हाची, आणि तिथून पूर्वेकडे गेलं की ग्रॅनाइटसारखा दिसणारा फार जुना खडक लागतो. मौदा-रामटेककडे प्रश्न असता तर उत्तर बरंचसं हेच राहिलं असतं, फक्त भेगा खोलीबरोबर आणखी लवकर मिटतात आणि पाण्यातलं फ्लोराइड तपासावं लागतं. पिण्यासाठी लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. कामठी-सावनेरकडे मात्र उत्तर उलटं असतं. तिथला वालुकाश्म, ज्याला भूगर्भशास्त्रात "कामठी" हेच नाव आहे, कणाकणांमध्ये पाणी धरतो, आणि तिथे खोल गेल्यानं खरंच जास्त पाणी मिळू शकतं. जाळीचे पाइप आणि बाहेर गोटे नीट नसले तर वाळू येऊन पंप खातो, आणि जवळ कोळसा खाण असेल तर खाणीचा उपसा पातळी ओढून नेतो, ते वेगळं. "खोल चला, पाणी लागेल" हा सल्ला गाडीवाला बहुधा तिकडून शिकून आलेला असावा.

तर आधी ढिगातून तीन मुठी चुरी उचला: तळाची, १४० ची आणि केसिंगच्या टोकाची. धुऊन पांढऱ्या कागदावर वाळवा आणि दिवसाच्या उजेडात फोटो काढा. सोबत पाणी ओतण्याच्या चाचणीचे वेळ आणि फूट लिहून टाका. गाडी तोवर परत बोलवू नका.